बदक बघते आहे हो! – चित्रविचित्र भीतींचे खरेखोटे

गेल्या काही व्याख्यानांत आपण ज्ञान म्हणजे काय, भ्रम म्हणजे काय, असल्या जड विषयांत बरेच खोल गेलो. आज जरा हलकेफुलके बोलू. निमित्त आहे मागच्या वेळी आलेल्या एका चिठ्ठीचे. एका श्रोत्याने लिहिले होते, ‘सर, इंटरनेटवर फोबियांच्या लांबलचक याद्या फिरत असतात. बटणांची भीती, तेरा आकड्याची भीती, पीनट बटर टाळूला चिकटेल याची भीती, कुठून तरी एक बदक आपल्याकडे टक लावून बघते आहे याची भीती! हे सगळे खरे असते, की कुणीतरी बसल्या बसल्या रचलेले असते?’

प्रश्न वाचून आम्हाला आधी हसू आले. पण मग वाटले, यातल्या ‘खरे’ या शब्दाला जरा धरून बसले पाहिजे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला ‘खरे’ शब्द दिसला की राहवत नाही, तो आमचा व्यवसायदोष समजा. या एका शब्दात तीन वेगवेगळे प्रश्न दडले आहेत आणि लोक ते एकाच भांड्यात कालवतात. पहिला प्रश्न, हा शब्द खरा आहे का? दुसरा, ज्याची भीती वाटते तो धोका खरा आहे का? आणि तिसरा, ती भीती खरी आहे का? आजचे सगळे व्याख्यान म्हणजे हे तीन प्रश्न वेगळे निवडण्याचा उद्योग आहे. तांदूळ निवडावेत तसा.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ग्रीक पुराणकथांत युद्धदेव एरीस याचा एक मुलगा आहे, फोबोस. रणांगणावर शत्रूची पळापळ करवणारी भीती म्हणजे हा फोबोस. १८७७ साली मंगळाचे दोन चंद्र सापडले, तेव्हा त्यांतल्या एकाला याचेच नाव दिले गेले. तर या फोबोसवरून फोबिया. मराठीत आपण ‘भयगंड’ म्हणतो. आता गंमत अशी, की ग्रीक किंवा लॅटिन शब्द घ्यायचा आणि त्याला ‘फोबिया’ची शेपटी लावायची, की झाला नवा आजार तयार. त्याला ना परवाना लागतो, ना प्रयोगशाळा. तुम्ही घरी जाऊन ‘पाहुणोफोबिया’ म्हणालात तर तुम्हाला कोण अडवणार? दिवाळीच्या सुट्टीत त्याची साथसुद्धा येते!

आणि हा खेळ आजचा नाही बरं का. १७८६ साली फिलाडेल्फियातल्या बेंजामिन रश नावाच्या डॉक्टरांनी फोबियाच्या प्रकारांवर एक लेख लिहिला. हे रश म्हणजे साधीसुधी असामी नव्हे, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांतले एक. त्यांच्या यादीत मांजराची भीती आहे, उंदराची आहे, मेघगर्जनेची आहे, रक्ताची आहे. हे सगळे आपल्याला ओळखीचे. पण त्याच यादीत ‘घराची भीती’ही आहे, म्हणजे संध्याकाळी बायकामुलांत जाण्याऐवजी गुत्त्यावर रमणाऱ्या पुरुषांचा आजार. ‘चर्चची भीती’ आहे, ती रविवारी सकाळी जोर धरते. ‘डॉक्टरांची भीती’ आहे. आणि ‘रमची भीती’ आहे, पण ती म्हणे फारच दुर्मिळ! म्हणजे फोबियांच्या यादीत थट्टा मिसळायची परंपरा दोनशे वर्षांहून जुनी आहे. खरे आणि गमतीचे एकाच पंगतीला बसवायचे, आणि वाचणाऱ्याने ओळखायचे.

आता आपल्या बदकाकडे येऊ. ‘अनाटिडीफोबिया’ असा भारदस्त शब्द आहे. अनाटिडी हे बदकांच्या कुळाचे शास्त्रीय नाव, ते खरे. पण ही भीती कोणत्याही दवाखान्यात सापडलेली नाही. ती सापडली गॅरी लार्सन या अमेरिकन व्यंगचित्रकाराच्या ‘द फार साइड’ या चित्रमालिकेत. ऑफिसात काम करत बसलेला एक माणूस आणि समोरच्या इमारतीच्या खिडकीतून त्याच्याकडे बघणारे एक बदक. बस, एवढेच. याच लार्सनने आणखी एक भीती काढली. नुकतीच पॉलिश केलेली फरशी, पायात मोजे, आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती लांडगे आपला पाठलाग करताहेत! तिलाही त्याने ग्रीक वळणाचे नाव देऊन टाकले. आता विनोद समजून हसून सोडायचे, तर लोकांनी बदक उचलून गंभीर यादीत नेऊन ठेवले.

मग लांब शब्दांच्या भीतीचा शब्द. आम्ही एकदाच म्हणू, पुन्हा आग्रह करू नका: ‘हिप्पोपोटोमॉन्स्ट्रोसेस्क्विपेडालिओफोबिया’. आता बघा, लांब शब्दांना घाबरणाऱ्या माणसाला डॉक्टरांनी हे निदान ऐकवले, तर तो बिचारा तिथेच आडवा होईल. हा शब्द कसा बनला? लॅटिन कवी होरेसने भरजरी शब्दांना ‘दीड फुटी’ म्हटले होते. त्यावरून ‘सेस्क्विपेडालिओफोबिया’ झाला. तो पुरेसा लांब वाटेना, म्हणून कुणी तरी पुढे पाणघोडा जोडला आणि एक राक्षसही बसवला. पाणघोड्याचा इथे काय संबंध? काही नाही. तो जागा अडवायला आला आहे.

तेव्हा पहिला नियम लिहून घ्या: नाव आहे म्हणून वस्तू आहे, असे होत नाही. आपल्याकडे तर्कशास्त्रात सशाचे शिंग आणि आकाशपुष्प ही जुनीच उदाहरणे आहेत. ‘शशशृंग’ हा शब्द व्याकरणाने अगदी शुद्ध, समासही बिनचूक, पण म्हणून कुठल्या सशाला शिंग फुटत नाही.

आणि उलटही खरे. ‘फोबिया’ ही शेपटी दिसली म्हणून तिथे मनाचा आजार असतोच असे नाही. ‘हायड्रोफोबिया’ घ्या. पिसाळलेला कुत्रा चावून रेबीज झालेल्या रोग्याला पाणी पाजायला गेले, की घशाचे स्नायू असे आवळतात की तो पाणी बघूनच दचकतो. सुश्रुतसंहितेत याला ‘जलत्रास’ म्हटले आहे. हा मनाचा खेळ नाही, मेंदूला झालेला जीवघेणा विषाणूसंसर्ग आहे, म्हणून कुत्रा चावल्यावर लस टाळायची नाही, हे आम्ही जाता जाता सांगून टाकतो. आणि रसायनशास्त्रात तर कमळाच्या पानालाही ‘हायड्रोफोबिक’ म्हणतात, कारण त्यावर पाणी ठरत नाही. त्या पानाला कुठल्या समुपदेशनाची गरज नाही!

हे झाले शब्दांचे. पण इथेच थांबून ‘म्हणजे सगळे थोतांड’ असे म्हटले, तर मोठी गफलत होईल. आता दुसऱ्या बाजूने बघू.

हिपोक्रेटिसच्या नावावर जो प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांचा संग्रह आहे, त्यात निकानोर नावाच्या एका माणसाची नोंद आहे. त्याचा त्रास काय? रात्रीच्या मेजवानीत बासरी वाजवणारी मुलगी वाजवू लागली, की तिचे पहिले सूर कानी पडताच याला भयाने घेरून टाकायचे. आता गंमत बघा, हाच माणूस दिवसा बासरी ऐके तर त्याला काहीच व्हायचे नाही! आजच्या कुठल्याही यादीत ‘रात्रीच्या बासरीची भीती’ टाकली, तर तुम्ही म्हणाल, हेही त्या लार्सनचेच काम. पण इथे रोगी आहे, त्याचे नाव आहे, त्याची लक्षणे आहेत, आणि ती लिहून ठेवणाऱ्या वैद्याने थट्टा केलेली नाही. त्याच्याच शेजारी डेमोक्लीस नावाचा दुसरा रोगी आहे. त्याला कड्याच्या काठाने जाता येत नसे, पूल ओलांडता येत नसे, फार काय, उथळ चर असला तरी त्याच्या कडेने चालवत नसे. चरातून मात्र तो चालू शकत होता.

हे झाले दोन हजार वर्षांपूर्वीचे. आता आपल्या काळातले एक. २००२ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिगत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. मुलाला भीती कशाची, तर शर्टाच्या बटणांची. यादीत ‘कुम्पुनोफोबिया’ म्हणून जो शब्द वाचून आपण फिदीफिदी हसतो, तीच. बालवाडीत चित्रकलेच्या तासाला बटणे चिकटवायचे काम चालले होते. याची बटणे संपली. बाईंच्या टेबलावर मोठे भांडे होते, त्यातून घ्यायला गेला, हात घसरला आणि सगळी बटणे सगळ्या वर्गासमोर याच्या अंगावर. तेव्हापासून हळूहळू बटणांना हात लावणे बंद, स्वतःच्या अंगात शर्ट घालणे अवघड, शाळेत लक्ष लागेना, कारण गणवेषाला बटणे असतातच. आता काय म्हणाल? बटण धोकादायक नाही. शब्द हास्यास्पद आहे. पण त्या मुलाचे चार वर्षांचे हाल? ते तर शंभर टक्के खरे.

इथे आपला जुना मित्र उपयोगी पडतो, वेदान्तातला रज्जुसर्प. संधिप्रकाशात वाटेवर दोरी पडली आहे, माणसाला वाटले साप. तो दचकला, घाम फुटला, छाती धडधडली, मागच्या मागे उडी मारताना पाय मुरगळला. दिवा आणला, बघतो तर दोरी. वेदान्ती विचारतात, साप कुठे होता? दोरीत? नाही. मनात? पण मनात साप कसा मावेल? हा त्यांचा प्रश्न, आणि तो फार खोल आहे. आजच्या पुरता आमचा प्रश्न साधा आहे. साप खोटा होता हे कबूल. पण घाम? मुरगळलेला पाय? तो काय खोटा म्हणायचा? दिवा आणल्यावर साप गेला, पण पायाला हळद लावावीच लागली ना!

म्हणजे धोका खोटा असला तरी भीती खरी असू शकते. खरे तर भयगंडाची व्याख्याच तशी आहे. धोका जेवढा, तेवढीच भीती असेल तर तिला आजार कोण म्हणेल? समोर नाग फणा काढून उभा असताना जो घाबरत नाही, उलट त्याचीच आम्हाला काळजी वाटेल.

मग डॉक्टर ठरवतात कसे? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची जी निदानपुस्तिका जगभर वापरतात, तिची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. तीत या याद्यांमधली शेकडो ग्रीक नावे शोधायला जाल तर निराश व्हाल. तिथे ‘विशिष्ट भयगंड’ असे एकच निदान आहे आणि त्याचे फक्त पाच कप्पे आहेत. प्राण्यांची भीती. निसर्गातल्या गोष्टींची, म्हणजे उंची, वादळ, पाणी वगैरेंची. रक्त, सुई, जखम यांची. लिफ्ट, विमान, बंदिस्त जागा अशा प्रसंगांची. आणि पाचवा कप्पा ‘इतर’. या इतरमध्ये घशात घास अडकण्याची भीती येते आणि लहान मुलांच्या बाबतीत वेष घेतलेल्या पात्रांचीही. आता हौसेने वाढदिवसाला मिकी माउस बोलवावा आणि बर्थडे बॉयने भोकाड पसरावे, हे तर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. अर्थात एकदा रडले म्हणून लगेच आजार नव्हे हं!

कारण कसोट्या वेगळ्याच आहेत. ती वस्तू समोर आली की जवळजवळ दरवेळी लगेच भीती दाटते का? माणूस तिला टाळतो का, किंवा टाळता आले नाही तर कसेबसे सोसतो का? भीती धोक्याच्या मानाने फारच जास्त आहे का? ती साधारण सहा महिने किंवा त्याहून अधिक टिकून आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, तिच्यामुळे जगण्यात अडथळा येतो का, जिवाला जाच होतो का? बघा, यात ‘ती वस्तू विचित्र आहे का’ हा प्रश्नच नाही. पालीला घाबरणारी माणसे गल्लोगल्ली आहेत, बटणाला घाबरणारा एखादा. पण पाल दिसल्यावर जरासे ओरडून, झाडूने तिला हाकलून जी बाई पुन्हा पोळ्या लाटायला बसते, तिला भयगंड नाही. आणि पालीच्या धास्तीने जी चार वर्षे माहेरच्या जुन्या घरी पाऊल टाकत नाही, तिला तो असू शकतो. वस्तू तीच, फरक तिने किती आयुष्य खाल्ले याचा.

तेरा आकड्याचे उदाहरण याच कसोटीवर लावू. ‘ट्रिस्कायडेकाफोबिया’ असा त्याला शब्द आहे. चंदीगडच्या मूळ आराखड्यात सेक्टर बारा होता, चौदा होता, तेरा नव्हता. परदेशात कित्येक हॉटेलांत तेरावा मजला नसतो. चीन, जपान, कोरियात हीच गत चार आकड्याची, कारण तिथे त्याचा उच्चार ‘मृत्यू’च्या उच्चाराशी जुळतो. पण आकडा टाळला म्हणून सगळ्या चंदीगडला भयगंड झाला म्हणायचे का? मुळीच नाही. तो रिवाज आहे. आपण पितृपक्षात सोने घेत नाही म्हणजे सोन्याला घाबरतो असे थोडेच आहे?

आता त्याच तेराच्या बाबतीत दुसरा माणूस बघा. आर्नोल्ड शोनबर्ग, विसाव्या शतकातला फार मोठा संगीतकार. जन्म १३ सप्टेंबर १८७४ चा. तेराची त्याला इतकी धास्ती, की ‘मोझेस आणि आरोन’ या त्याच्या ऑपेराच्या जर्मन शीर्षकात अक्षरे तेरा भरत होती, म्हणून त्याने आरोनमधला एक ‘ए’ गाळला असे सांगितले जाते. मृत्यू आला तो १३ जुलै १९५१ रोजी, शुक्रवारी. वय ७६, आणि सात नि सहा तेरा! योगायोग हो, योगायोगच. पण एखाद्याचे सगळे आयुष्य त्या आकड्याच्या सावलीत गेले, तर तो रिवाज राहत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, एवढा बुद्धिमान माणूस, त्याला समजत नव्हते का, की आकडा काही करत नाही? समजत होते की! अडचण तीच तर आहे. बृहदारण्यक उपनिषदात एक सुंदर गोष्ट आहे. आरंभी एकच पुरुष होता आणि तो एकटा असल्यामुळे घाबरला. मग त्याने विचार केला, माझ्याशिवाय दुसरे कुणी नाहीच, तर मी भिऊ कुणाला? आणि त्याची भीती गेली. विचार केला आणि भीती गेली! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना हे फार आवडते. पण तो आदिपुरुष होता. आपल्यासारख्यांचे तसे होत नाही.

सतराव्या शतकातल्या पास्कल या फ्रेंच तत्त्वज्ञाने आमच्या जमातीची बरोबर नाडी पकडली आहे. तो म्हणतो, जगातला सगळ्यात मोठा तत्त्वज्ञ आणा आणि त्याला दरीवर टाकलेल्या फळीवर उभा करा. फळी हवी त्यापेक्षा रुंद असू द्या. त्याची बुद्धी त्याला बजावेल, बाबा रे, तू सुरक्षित आहेस. पण जिंकेल कल्पनाशक्तीच. आपल्या काळात टमार गेंडलर या तत्त्वज्ञ बाईंनी यावर नेमके बोट ठेवले. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या दरीवर काचेचा सज्जा बांधला आहे. लोक तिकीट काढून त्यावर जातात, म्हणजे तो कोसळणार नाही यावर त्यांचा विश्वास असतो. तरी खाली बघितले की पाय लटपटतात. गेंडलर म्हणतात, विश्वासाच्या खाली मनाचा आणखी एक थर असतो, तो पुरावे ऐकत नाही, तो फक्त दिसेल त्यावर दचकतो. तेव्हा भयगंड असलेल्या माणसाला ‘अरे, त्यात घाबरण्यासारखे काय आहे’ असे सांगणे म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या माणसाचे पत्र तळघरात टाकणे. पहिल्या मजल्यावरच्याला ते आधीच पाठ असते.

मग त्या तळघरात भीती शिरते कशी? १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी अमेरिकेत एका तान्ह्या मुलावर प्रयोग केला. पांढऱ्या उंदराशी निवांत खेळणाऱ्या त्या पोराला, प्रत्येक वेळी उंदराला हात लावला की मागून लोखंडी कांबेवर हातोडा मारून दचकवायचे. थोड्याच वेळात नुसता उंदीर बघून ते रडू लागले, मग सशाला बघून, केसाळ कोटाला बघून. असला प्रयोग आज कोणी करू देणार नाही, आणि करूही नये. ‘दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून पितो’ हे सिद्ध करायला पोराला रडवायची गरज नव्हती.

पण सगळ्याच गोष्टींची भीती सारख्याच सहज बसत नाही. सुसान मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढलेल्या माकडांना चित्रफिती दाखवल्या. एकीत दुसरे माकड सापाला बघून घाबरते आहे. दुसरीत तेच घाबरणे, पण जुळवाजुळव अशी केलेली, की ते फुलाला बघून घाबरते असे वाटावे. बघणारी माकडे सापाला घाबरायला शिकली, फुलाला नाही. म्हणजे काही भीतींना तळघरात जागा आधीच राखून ठेवलेली दिसते. आरक्षित डबाच म्हणा ना. साप, उंची, अंधार यांची जागा राखीव, आणि बटणाला बिचाऱ्याला उभ्याने प्रवास. पण उभ्याने का होईना, गाडीत तेही चढू शकते, हे आपण त्या मुलाच्या बाबतीत पाहिलेच.

आता एक मधलेच प्रकरण सांगतो, म्हणजे सगळे एकदम काळे-पांढरे वाटायला नको. कमळाचा वाळलेला बीजकोश पाहिला आहे ना? त्यात भोके भोके असतात आणि प्रत्येक भोकात एकेक बी. कित्येकांना ते चित्र बघून अंगावर काटा येतो, शिसारी येते. याला ‘ट्रायपोफोबिया’ हे नाव २००५ च्या सुमारास इंटरनेटवर पडले, आणि ते पाडले डॉक्टरांनी नव्हे, ज्यांना त्रास होत होता त्यांनीच. मग २०१३ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या जेफ कोल आणि आर्नोल्ड विल्किन्स यांनी अभ्यास छापला. त्यांनी सुचवले, की काही विषारी प्राण्यांच्या अंगावरच्या नक्षीशी त्या भोकांच्या चित्राचे साम्य असावे. दुसरे काही संशोधक म्हणतात, हा त्वचारोग आणि परजीवी किडे टाळण्याच्या जुन्या सवयीचा भाग असावा, आणि यात भीतीपेक्षा किळस जास्त आहे. निदानपुस्तिकेत याचे वेगळे नाव अजून नाही. म्हणजे शब्द घरगुती, धोका शून्य, आणि शिसारी मात्र खरी. तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरे, बघा!

याच्या उलट ‘नोमोफोबिया’, म्हणजे मोबाइल जवळ नसण्याची भीती. हा शब्द जन्मला २००८ साली ब्रिटनमध्ये, तिथल्या पोस्ट ऑफिसने करवून घेतलेल्या एका पाहणीतून. १८७१ साली बर्लिनच्या कार्ल वेस्टफाल यांनी ‘अगोराफोबिया’ हा शब्द काढला, कारण मोकळे चौक ओलांडता न येणारी माणसे त्यांच्यापुढे येऊन बसली होती. तिथे आधी रोगी, मग नाव. हल्ली बऱ्याचदा आधी नाव, मग रोग्याचा शोध! म्हणून यादी हातात आली की एवढेच विचारायचे: आधी कोण आले?

मंडळी, इतका वेळ आपण हसलो. आता जरा थांबून, या हसण्याची किंमत कोण देतो ते बघू. आमच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट. मुलगा हुशार, पण कॉलेजच्या एकाही समारंभाला यायचा नाही. विद्यापीठात क्रमांक आला, सत्कार ठरला, तरी आला नाही. लोक म्हणाले, शिष्ट आहे. पुष्कळ वर्षांनी त्यानेच सांगितले, त्याला फुग्यांची भीती होती. कॉलेजचे व्यासपीठ म्हटले की फुग्यांची कमान आलीच. फुगा कधी फुटेल, या धास्तीने त्याला दारातूनच परत फिरावेसे वाटे. आम्ही विचारले, ‘अरे, मग सांगायचे नाहीस का?’ तो म्हणाला, ‘सर, काय सांगू? लोक हसतील. त्यापेक्षा शिष्ट म्हटलेले परवडले.’

बघा, सापाची, उंचीची भीती असलेला माणूस निदान बोलू तरी शकतो. विचित्र भीतीवाल्याला दोन ओझी असतात. एक भीतीचे आणि दुसरे लाजेचे. आपल्याच भीतीचे नाव त्याने विनोदी यादीत बदकाच्या शेजारी वाचलेले असते. मग तो डॉक्टरांकडे जाईल कशाला?

आणि दुःख याचे, की भयगंडावर चांगला उपाय आहे. तो फार गूढही नाही. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी पीटर नावाच्या लहानग्याची सशाची भीती घालवली. त्याला आवडता खाऊ द्यायचा आणि पिंजऱ्यातला ससा दूर ठेवायचा. रोज थोडा जवळ. शेवटी तो सशाला हात लावू लागला. आजचा उपचार मूळ याच वाटेने जातो: माणसाच्या संमतीने, त्याच्या गतीने, एकेक पायरी. लार्स-गोरान ओस्ट या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी तर काही भयगंडांसाठी एकाच बैठकीचा, जास्तीत जास्त तीन तासांचा उपचार बसवला. रक्त किंवा सुई बघून ज्यांना चक्कर येते, त्यांचा रक्तदाब आधी चढून मग एकदम उतरतो. त्यांना ओस्ट हातापायांचे स्नायू ताणून धरायला शिकवतात, म्हणजे रक्तदाब पडत नाही. आणि बटणवाल्या मुलाचेही तसेच. आधी नुसता हात लावायला शिकवले, पण किळस जाईना. मग त्याच्या मनातल्या किळसवाण्या कल्पनांवर काम केले, तेव्हा तो सुटला. तळघराशी तळघराच्या भाषेत बोलावे लागते, ते असे.

वेळ होत आली. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत, तेवढ्या घेतो.

पहिली: ‘आमची नात कुत्र्याच्या पिलालाही घाबरते. तिच्या मांडीवर एकदा पिलू ठेवून दिले तर भीती मोडेल का?’ आजी, तसे करू नका. उपाय आणि जबरदस्ती यांत फरक आहे. पिलू लांब असू द्या, ती खिडकीतून बघू दे, तिने म्हटले तर एक पाऊल पुढे. बऱ्याच मुलांची भीती वाढत्या वयात आपोआप ओसरते. पण शाळा, खेळ, झोप यांत अडथळा येत असेल आणि महिनोन्‌महिने येत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते. आणि तोवर नातेवाइकांसमोर तिची नक्कल करू नका, एवढे केलेत तरी पुष्कळ.

दुसरी: ‘सर, तुम्हाला स्वतःला कसली भीती वाटते?’ आम्हाला ना, व्याख्यान संपल्यावर ‘एक छोटासा प्रश्न’ म्हणून उठणाऱ्या गृहस्थांची वाटते. पण ती वर सांगितलेल्या कसोट्यांत बसत नाही. एक तर ती सहा महिने टिकत नाही, फक्त पुढच्या व्याख्यानापर्यंत टिकते. आणि दुसरे म्हणजे, तो धोका अगदी खरा आहे.

पुढच्या वेळी आपण ‘सवय’ या विषयावर बोलू. नमस्कार.